बशीचा सांधा



युनियनचा माणूस पगार-बोनस सोडून इंग्रजी कपबश्यांवर बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. पण हा विषय आमच्याकडे युनियनच्या कचेरीतच चालून आला. भुसावळच्या एका रेल्वे कामगाराची विधवा निळ्या नक्षीची बशी घेऊन आली. "भाऊ, दोनशे वर्षांची आहे म्हणतात. विकली तर पोरीची फी निघेल का?" आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच जास्त झालेले. तिथेच धाव घेतली.

पाण्यावर वाकलेले झाड, पुलावर तीन माणसे, आकाशात दोन पक्षी. ही 'विलो' नक्षी. दिसायला चिनी, पण जन्मली इंग्लंडात, अठराव्या शतकाच्या अखेरीस. ती आजवर छापली जात आली आहे. तेव्हा केवळ नक्षीवरून वय कळत नाही. बशी उलटी करावी. शंकरपाळ्याच्या आकाराचा नोंदणी-शिक्का असेल, तर त्या नमुन्याची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर 'इंग्लंड' हा शब्द सर्रास येऊ लागला. 'मेड इन इंग्लंड' असेल, तर माल बहुधा विसाव्या शतकातला. बाईंच्या बशीवर नेमके हेच शब्द होते.

मग आम्ही काठ पाहिला. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, तिचा छाप पातळ कागदावर घ्यायचा आणि तो कागद भाजलेल्या भांड्यावर चिकटवायचा, अशी ही रीत. कागदाची दोन टोके जिथे भेटतात तिथे काठाची वेल किंचित चुकते. स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत हे कागद बहुधा बायका चिकटवीत आणि पोरी कातरीत. तिथल्या मुलांच्या कामाची सरकारी चौकशी १८४०-४१ साली झाली. झिलईतल्या शिशाने आणि गारेच्या धुळीने तिथे कित्येकांचे आयुष्य खाल्ले.

जळगाव-धुळ्याच्या गिरण्यांत ज्यांनी तुटलेले सूत सांधण्यात उमर घालवली, त्यांना सांध्याचे मोल सांगायला नको. बशीच्या पाठीवर मालकाचे नाव असते. कामगारीण सापडते ती या सांध्यात.

बाईंना आम्ही खरे तेच सांगितले. "जुनीच म्हणून विका," असा सल्ला देणारेही भेटले होते. बाई म्हणाल्या, "खोटं बोलून नको, भाऊ." फीसाठी कामगारांनी वर्गणी काढली. बशी त्यांच्या फळीवरच आहे.

आपल्या घरी अशी बशी असेल, तर आधी काठावरचा सांधा शोधा. किंमत मागाहून विचारा.