लेकराचं बालपण कुणाच्या मालकीचं?



२०२१ सालच्या सप्टेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतली एक आई आपल्या मुलासोबतचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकत असे. घरातलं कुत्र्याचं पिल्लू आजारी पडलं, ते जगेल की नाही याची शाश्वती उरली नाही. मायलेक गाडीत बसून प्रेक्षकांना ही बातमी सांगत होते आणि मुलगा खरोखर रडत होता. बोलणं संपलं. मग आई त्याला म्हणाली, जवळ ये, रडतोयस असा चेहरा कर. व्हिडिओवर लोकांनी बोट ठेवावं म्हणून जे चित्र लावतात, ज्याला थंबनेल म्हणतात, त्यासाठी तिला फोटो हवा होता. मुलगा सांगत होता की मी खरंच रडतोय. तरी तोंड दिसू दे, कॅमेऱ्याकडे बघ, अशा सूचना चालूच राहिल्या. हा भाग कापायचा राहून गेला आणि व्हिडिओ तसाच प्रसिद्ध झाला. लोक संतापले. आईने माफी मागितली आणि चॅनल बंद केलं.

लोकांचा राग रास्तच होता. पण कात्री लावायची राहिली म्हणून हे आपल्याला दिसलं. जे व्हिडिओ नीट कापूनजोडून आपल्यापर्यंत येतात, त्यांत मुलाला कितीदा पुन्हा हसायला लावलं, कितीदा पुन्हा दारातून पळत यायला सांगितलं, हे आपल्याला कधीच कळत नाही. आज मला अशा मुलांविषयी बोलायचं आहे, ज्यांचं घरच चित्रीकरणाची जागा झालेलं आहे.

फॅमिली व्ह्लॉग हा प्रकार आता आपल्याकडेही घरोघरी बघितला जातो. सकाळचा डबा, शाळेची तयारी, भावंडांची भांडणं, ताप आल्यावरची रात्र, असं सगळं त्यात येतं. यात पैसा आहे. यूट्यूबवर एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असलं, की जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मागता येतो. पुढे खेळणी, डायपर, मुलांचे कपडे विकणाऱ्या कंपन्या येतात. आणि मूल दिसलं की लोक थांबतात, हे तर आकड्यांनीच दाखवलं आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये मोठ्या यूट्यूब चॅनलांची पाहणी केली, तेव्हा तेरा वर्षांखालचं मूल ज्यात दिसतं त्या व्हिडिओंना इतरांच्या जवळजवळ तिप्पट प्रेक्षक मिळत असल्याचं आढळलं. घरात कमावतं कोण, याचं उत्तर अशा घरात कधी कधी चार वर्षांचं पोर असं असतं.

हा धंदा कुठवर जाऊ शकतो? अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ‘डॅडीओफाइव्ह’ नावाचं चॅनल होतं. आईबाप मुलांच्या ‘गमती’ करत. २०१७ मध्ये गाजलेल्या एका व्हिडिओत त्यांनी गालिच्यावर पुसली जाणारी शाई टाकली आणि एका लहानग्यावर आळ घेऊन त्याच्या अंगावर ओरडत राहिले. मी नाही केलं, असं तो रडून रडून सांगत होता. मग त्याला सांगितलं, गंमत होती रे. त्या मुलाचा आणि त्याच्या बहिणीचा ताबा पुढे या दांपत्याकडून गेला. मुलांची हेळसांड केल्याबद्दल न्यायालयाने दोघांना पाच वर्षांच्या देखरेखीची शिक्षा दिली.

दुसरं प्रकरण याहून भयंकर आहे. युटा राज्यातली रूबी फ्रँके ही सहा मुलांची आई. ‘एट पॅसेंजर्स’ हे तिचं चॅनल २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्याचे पंचवीस लाखांच्या आसपास सबस्क्राइबर झाले. शिस्तप्रिय आई म्हणून तिचं नाव होतं. २०२० मध्ये एका व्हिडिओत तिच्या मुलाने सहज सांगितलं, की शिक्षा म्हणून आपण सात महिने बीनबॅगवर झोपतो आहोत. प्रेक्षक हादरले. चौकशी व्हावी म्हणून लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. ३० ऑगस्ट २०२३ रोजी तिचा बारा वर्षांचा मुलगा तिच्या व्यवसायातल्या भागीदार बाईच्या घरातून खिडकीवाटे बाहेर पडला आणि शेजाऱ्यांच्या दारात जाऊन त्याने अन्नपाणी मागितलं. त्याच्या घोट्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दोघी बायकांनी मुलांच्या छळाचा गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला.

तो छळ चॅनलवर दाखवलेला नव्हता, हे खरं आहे. पण मुलांची शिक्षा, मुलांची लाज, मुलांचं रडू हा लोकांना दाखवायचा माल आहे, ही सवय त्या घराला कॅमेऱ्याने लावलेली होती. थोरली मुलगी शॅरी हिने मोठी झाल्यावर युटाच्या लोकप्रतिनिधींपुढे येऊन हेच सांगितलं. लाजिरवाणा प्रसंग चित्रित होऊ दिला तर शंभर डॉलर किंवा खरेदीची सहल मिळायची, असं ती म्हणाली. मार्च २०२५ मध्ये युटाने कायदा केला. मुलांच्या नावे पैसे राखून ठेवावे लागतील, आणि अठरा वर्षांचं झाल्यावर आपले व्हिडिओ काढून टाका असं सांगण्याचा हक्क मुलाला मिळाला.

आता कुणी म्हणेल, मुलांनी पडद्यावर काम करणं नवीन आहे का? मुळीच नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये आपला मुलगा भालचंद्र याला रोहिदासाची भूमिका दिली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी. आपल्या सिनेमाचा पायाच बापाने आपल्या लेकरांसह घातला. पण भालचंद्र पडद्यावर रोहिदास होता. मंदाकिनी पडद्यावर कृष्ण होती. मुकुट उतरवला, रंग पुसला की ती पोरं आपल्या घरी आपल्या नावाने वावरायला मोकळी होती. व्ह्लॉगमधल्या मुलाला मुकुट नसतोच. ते स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच पलंगावर, स्वतःच्याच आजारपणात दिसतं. काम संपवून परतायला त्याला दुसरं घर नसतं. हा फरक लक्षात घेतला नाही, तर बाकीची सगळी चर्चा वरवरची ठरते.

पैशाचं म्हणाल, तर तो धडा शंभर वर्षांपूर्वीच शिकून झाला आहे. १९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन जगभर लाडका झाला. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. मोठा होऊन हिशेब मागितला, तर आई आणि सावत्र वडिलांनी बहुतेक सगळं उडवलेलं. १९३८ मध्ये त्याने आईवर खटला भरला. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांची कमाई राखून ठेवणारा कायदा आला. पण तो सिनेमावाल्यांपुरता होता. घरातल्या फोनपर्यंत तो पोचायला खूप वर्षं गेली. फ्रान्सने ऑक्टोबर २०२० मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालच्या मुलांची अशी कमाई सुरक्षित केली, आणि आपले व्हिडिओ पुसून टाकण्याची मागणी मूल आईवडिलांना न विचारता करू शकेल अशी तरतूद केली. अमेरिकेत पहिला नंबर इलिनॉय राज्याचा. तिथल्या एका शाळकरी मुलीने आपल्या भागातल्या सिनेटरला पत्र लिहून हा विषय त्यांच्यापुढे मांडला, आणि १ जुलै २०२४ पासून कायदा अमलात आला. मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या वतीने एक मुलगीच उभी राहिली, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्याकडे काय आहे? बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकारांसाठी चांगल्या तरतुदी आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत टाकायचे. हे नियम सेटवरच्या निर्मात्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. निर्माता, दिग्दर्शक आणि पालक एकच असेल आणि सेट म्हणजे स्वयंपाकघर असेल, तर तास कोण मोजणार? शिवाय घरच्या उद्योगात मुलाने शाळा सांभाळून मदत करावी, अशी सवलतही त्याच कायद्यात आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची केली. पण माहिती चव्हाट्यावर मांडणारा स्वतः पालकच असेल, तर ती संमती मुलाला कशी वाचवणार? कुंपणच शेत खातं, तेव्हा राखणदार दुसरा नेमावा लागतो.

मी सगळ्या पालकांना दोषी धरत नाही. चॅनलच्या उत्पन्नावर घराचे हप्ते फेडणारी कुटुंबं आहेत. जिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे दिसले, अशी गृहिणी त्यात आहे, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. तिने शेती दाखवावी, भाकरी दाखवावी, आपलं कसब दाखवावं. मूल मधूनच पळत गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण मुलाचं रडणं, आंघोळ, आजारपण, मार, नापास झालेला निकाल या गोष्टी त्याच्या आहेत. त्या लोकांपुढे मांडायचा अधिकार आईबापालाही नाही. शाळेचं नाव, गणवेश, घराचा पत्ता तर मुळीच दाखवू नये, कारण बघणारे सगळेच सज्जन नसतात. अल्पवयीन मुलांच्या व्हिडिओंखाली विकृत लोक काय लिहितात हे उघडकीला आल्यावर २०१९ मध्ये यूट्यूबला अशा बहुतेक व्हिडिओंखालच्या कमेंट बंद कराव्या लागल्या होत्या.

आणि मूल बोलायला लागलं, की त्याला विचारा. बाळा, हे लोकांना दाखवू का? नाही म्हणालं, तर फोन खाली ठेवा. त्याच्या नकाराला घरात मान मिळाला, तर उद्या बाहेरच्या जगातही नाही म्हणायची त्याला हिंमत येईल.

राहिलो आपण, बघणारे. कुणाचं तरी रडणारं लेकरू आपल्या फोनवर येतं, आपण हसतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे पाठवतो. आपण बघतो म्हणून जाहिरात येते, जाहिरात येते म्हणून दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा कॅमेऱ्यापुढे बसतं. तेव्हा रडणारं, घाबरलेलं, ओशाळलेलं मूल दिसलं की तो व्हिडिओ तिथेच सोडा. पुढे पाठवू नका.

कायद्याकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. मूल दाखवून झालेल्या कमाईतला ठरलेला वाटा मुलाच्या नावे बँकेत जावा. घरातल्या चित्रीकरणालाही काम म्हणून मोजलं जावं. आणि वयात आल्यावर, माझं लहानपण इंटरनेटवरून काढून टाका, असं मुलाने सांगितलं, तर ते काढून टाकणं कंपन्यांना बंधनकारक असावं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सिनेमातल्या मुलासाठी आपल्या देशाने ओळखल्या आहेत. रीलमधलं मूलही तितकंच लहान आहे, त्यालाही हेच संरक्षण मिळालं पाहिजे.