जळूच्या पोटातली ओळख



पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे म्हशी डबक्यात डुंबतात.
बाहेर आल्या, की एखादीच्या सडाला जळू दिसते.
गुराखी ती काढतो.
रक्त मात्र वाहतच राहतं.

का बरं?

जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं.
१८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी ते दाखवून दिलं.
प्यायलेलं रक्त जळूला महिनोन्‌महिने पुरतं.

आणि त्या रक्तात प्राण्याची ओळख टिकते.
म्हणजेच त्याचा डीएनए.

२०१२ साली संशोधक इडा श्नेल आणि सहकाऱ्यांचं काम प्रसिद्ध झालं.
त्यांनी जळवांना शेळीचं रक्त पाजलं.
चार महिन्यांनंतरही त्यात शेळी ओळखता आली!

मग व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवा तपासल्या.
त्यांत एका दुर्मीळ पट्टेरी सशाचा माग लागला.
ससा पकडावाच लागला नाही.
मला हे फार मोलाचं वाटतं.

पुन्हा सांगते.
जळूच्या पोटातल्या रक्तात प्राण्याची ओळख टिकते.
जळू आहे, म्हणजे तिला पोसणारे प्राणीही आसपास आहेत.

आणि हो, जळू अंगाला चिकटली, तर मीठ टाकू नका, चटका देऊ नका.
तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवा.
पकड सुटते.
मग जखम धुवा,
आणि स्वच्छ फडक्यानं दाबून धरा.