खाणाऱ्याची आवड, करणारीची वाट



योग्य वाट कशी निवडावी हे प्रमुख पाहुण्यांनी सांगावं, अशी स्नेहसंमेलनाची रीतच आहे. मी आज न चाललेल्या वाटांबद्दल बोलणार आहे, आणि घरच्या जेवणाबद्दल. या दोन्हींचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. मला तर ती दोन्ही एकाच ओट्यापाशी उभी दिसतात. घरचं जेवण आवडत नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. पण बहुतेकांची ही आवड खाणाऱ्याची असते, आणि ती पुरवताना दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातले तास खर्ची पडतात. त्या तासांत त्या व्यक्तीला आणखी काय करता आलं असतं, हे आपण विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की घरच्या जेवणावर खरंच प्रेम असेल तर ते रांधता यायला हवं. हे मी मुख्यतः इथल्या मुलग्यांना सांगतो आहे. मुलींना सांगणारे घरोघरी आहेत, त्यात माझी भर नको.

आधी पश्चात्तापाचं पाहू. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांच्या मनातल्या खंतीचा अभ्यास करून १९९५ मध्ये एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. नुकत्याच घडून गेलेल्या काळाबद्दल विचारलं तर माणसाला आपण केलेल्या गोष्टी अधिक बोचतात: उगाच बोललो, उगाच पैसे घातले. सगळ्या आयुष्याकडे मागे वळून पाहायला सांगितलं, की न केलेल्या गोष्टींची यादी लांबते. याचं कारण समजण्यासारखं आहे. केलेली चूक आपण निस्तरतो, माफी मागतो, निदान त्यातून शिकलो असं स्वतःला समजावतो. न केलेल्या गोष्टीचं तसं काही करता येत नाही. ती कशी झाली असती, हे आपण मनातच रंगवतो, आणि मनातल्या चित्रात अडचणी, कंटाळा, अपयश यांना जागा नसते. प्रत्यक्ष जगलेल्या आयुष्याची तुलना अशा निर्दोष आयुष्याशी केली, तर कोण हरणार हे ठरलेलंच आहे. पुढे २००५ मध्ये नील रोझ आणि एमी समरव्हिल यांनी अशा अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा अमेरिकी लोकांच्या खंतींमध्ये शिक्षण पहिल्या क्रमांकावर आलं. त्यांनी लावलेली उपपत्ती मला जास्त मोलाची वाटते. जिथे अजूनही काही करता येण्यासारखं असतं, तिथे खंत अधिक टिकते. दार कायमचं बंद झालं की मन हळूहळू तिकडे पाहणं सोडतं; दार किलकिलं असलं की पुन्हा पुन्हा तिकडे वळतं.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो. हे सगळे अभ्यास निवड करणाऱ्या माणसाचे आहेत. दोन वाटा समोर होत्या, मी एक घेतली, दुसरी राहिली. आपल्या आज्यांच्या पिढीतल्या किती जणींसमोर दोन वाटा होत्या? शाळेतून काढून लग्न लावून दिलेल्या मुलीच्या मनात जे राहतं, त्याला पश्चात्ताप म्हणणं हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल. पश्चात्तापात ‘मी चुकले’ असतं, आणि तिने तर काही ठरवलेलंच नव्हतं. त्यामुळे न चाललेल्या वाटांची चर्चा करताना, ती वाट कोणी सोडली आणि कोणाची सोडवली, हा फरक ठेवलाच पाहिजे. घरच्या जेवणाचं कौतुक नेमकं हाच फरक झाकून टाकतं.

कमलाबाई ओगले यांचं उदाहरण घ्या. जन्म १९१३ चा, शालेय शिक्षण चौथीपर्यंत, लग्नानंतर सासूच्या हाताखाली स्वयंपाकाचे धडे. १९७० मध्ये त्यांचं ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालं, लाखावर प्रती खपल्या आणि महाराष्ट्राबाहेर संसार थाटणाऱ्या मुलींच्या सामानात ते जाऊ लागलं. वाटी-चमच्याच्या मापात नेमकं प्रमाण सांगणारं ते पुस्तक म्हणजे एका शिस्तशीर बुद्धीचं काम आहे. ही गोष्ट आपण नेहमी गोड शेवटाची म्हणून सांगतो: शाळा सुटली म्हणून काय झालं, स्वयंपाकघरातून कीर्ती मिळालीच की! मला हा निष्कर्ष पटत नाही. कमलाबाईंचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचं पुस्तक झालं. तितकीच नेमकी बुद्धी असलेल्या ज्या बायकांचं पुस्तक झालं नाही, त्यांची गणती कुठेच नाही. एका यशावरून हजारोंच्या वाटा बंद झाल्याचं समर्थन करणं, हा तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातला दोष आहे.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. आणि ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. मुळात दिवसभरात असं काही काम केलेले पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास होते, स्त्रिया ८१ टक्क्यांच्या. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ झाली, म्हणजे दहाने कमी. पुरुषांनी तेवढा भार उचलला असेल, असं कोणाला वाटेल. पुरुषांची मिनिटंही उतरून ८८ वर आली! यात स्वयंपाकाबरोबर झाडलोट, धुणंभांडी हेही धरलेलं आहे, हे मान्य. तरी २८९ मिनिटांना ३६५ ने गुणून आठ तासांच्या दिवसांनी भागा. वर्षाला २२० दिवस येतात. सुट्ट्या वजा जाता एका पूर्णवेळ नोकरीचं हे वर्ष आहे, फक्त त्याला पगार, बढती आणि निवृत्ती नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या अचूकतेचे दाखले व्यवस्थापनाच्या वर्गांत दिले जातात, आणि ते योग्यच आहे. पण डबा वेळेवर पोचण्याआधी तो वेळेवर भरावा लागतो. त्या कौशल्यावर कोणी व्याख्यान ठेवल्याचं ऐकिवात नाही.

‘पण तिला आवडतं की स्वयंपाक करायला,’ हा यावरचा ठरलेला प्रतिवाद. आवडत असेलही. रांधून वाढण्यात खरा आनंद असतो, हे मी नाकारत नाही. नाकारलं तर माझ्याच म्हणण्याचा पाया जाईल. प्रश्न असा की आवड ओळखायची कशी? नाही म्हणायची मुभा असली तरच ‘हो’ला अर्थ येतो. दुर्गाबाई भागवतांकडे पाहा. आदिवासी भागातल्या संशोधनाच्या काळात विषबाधा झाली, दीर्घ आजारपण आलं आणि पीएच. डी. अर्धवट राहिली. चालू लागलेली वाट अशी तुटली. पुढे त्या ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. या विदुषीने ‘खमंग’ हे खाण्यावरचं पुस्तकही लिहिलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, दोन वेळा कोणाची पानं मांडण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं, म्हणून त्यांच्या स्वयंपाकावरच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही. दुसरं उदाहरण मुंबईतल्या गिरणगावचं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया तेच वरण, तीच भाकरी रांधत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेव्हा त्याच कामाला उद्योग म्हणून हिशेबाच्या वहीत जागा मिळाली. पदार्थ बदलला नव्हता. त्याकडे काम म्हणून पाहिलं गेलं, एवढंच बदललं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग हा तिढा बाजार सोडवेलच. कोपऱ्याकोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे, मोबाइलवर बोट ठेवलं की अर्ध्या तासात जेवण दारात. या आक्षेपात तथ्य आहे, आणि पोळीभाजी केंद्रांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. एखादी बाई पोळ्या विकत आणून त्या वेळात वाचत बसली, तर ‘घरच्या चवी’चा गळा काढणाऱ्याने आधी परातीपुढे बसून कणीक तिंबावी. मात्र बाजार एक गोष्ट देऊ शकत नाही. घरच्या जेवणातलं ‘घरचं’ म्हणजे त्या एका घराचं, त्या गावचं, तिथल्या पिकाचं ज्ञान असतं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर भाकरी सरसर थापली जाते. जुनं झालं की त्याची विरी जाते, कडा चिरतात, मग उकळत्या पाण्यात पीठ मळून घ्यावं लागतं. किती मळायचं, हे हाताला कळतं. गोड्या मसाल्यात दगडफूल किती भाजायचं, तीळ-खोबरं कोणत्या रंगावर उतरवायचं, भाजणीतल्या डाळी वेगवेगळ्या का भाजायच्या, वरणफळांचं वरण आधी का पातळ ठेवायचं, हेही असंच. पाककृतीच्या पुस्तकात यातलं बरंच येतं, सगळं येत नाही. राहिलेलं शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं. मोबाइलवरचा व्हिडिओ रंग दाखवतो, वास दाखवत नाही, आणि मसाला करपायच्या आधी कळतं ते वासावरून.

इथे गिलोविच आणि मेडवेक पुन्हा आठवतात. आईच्या, आजीच्या हातच्या चवीबद्दल हळवं होऊन बोलणारे पुरुष आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्या हळवेपणातून काय निथळतं ते नीट ऐका: कधी विचारलंच नाही, शेजारी उभे राहिलोच नाही. न केलेल्या गोष्टींच्या यादीतली ही एक खंत, आणि टाळायला सगळ्यात सोपी. विज्ञान शाखा घ्यावी की कला, परदेशी जावं की इथेच राहावं, या निवडींमध्ये एक घेतलं की दुसरं सुटतं, आणि कितीही विचार केला तरी काही ना काही मागे राहणार. स्वयंपाकाचं तसं नाही. ते शिकायला दुसरी वाट सोडावी लागत नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. यामुळे शिक्षणाची किंवा सुटलेल्या संधीची खंत भरून निघेल, असा दावा मी करणार नाही. वरणभाताने कोणाची हुकलेली पदवी परत येत नाही, आणि येते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दावा याहून लहान आहे: तुम्ही स्वयंपाकाचा तुमचा वाटा उचललात, तर तुमच्या घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी एखादी वाट उघडी राहण्याची शक्यता वाढते.

वाटा उचलणं म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण इथे पळवाट आहे. रविवारी दुपारी मोठ्या थाटात मटण करायचं, घरभर वाहवा मिळवायची आणि बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग ठेवून झोपायचं, याला वाटा म्हणत नाहीत. स्वयंपाकातलं खरं ओझं हाताइतकंच डोक्यावर असतं. उद्या काय करायचं, मूग भिजत घातलेत का, दही विरजलं का, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरेल, आजोबांना तिखट चालत नाही आणि धाकट्याला दोडका, मग एकच भाजी कशी करायची? हे ठरवणारं डोकं रिकामं झालं तरच त्यात दुसरं काही शिरेल. म्हणून मंगळवारची रात्रीची साधी खिचडी, डोक्यातल्या या सगळ्या यादीसकट, रविवारच्या मटणापेक्षा मोलाची.

शेवटचा आक्षेप वेळेचा. परीक्षा आहेत, प्रकल्प आहेत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास आहे, आणि वसतिगृहात तर विजेची शेगडी सापडली की दंड होतो. दंडाचं मी काही करू शकत नाही. प्राचार्य इथेच बसले आहेत. पण अभ्यासाच्या वेळेबद्दल मुलग्यांनी एवढंच करावं: आपल्याच वर्गातल्या, तीच परीक्षा देणाऱ्या मुलींना विचारावं की घरी गेल्यावर संध्याकाळी सहा ते आठ त्या काय करतात. वेळ नसल्याचं कारण तुमच्याइतकंच त्यांनाही लागू आहे. घरी कोणी त्यांच्याकडून ते मान्य करतं का, हेही विचारा. ज्या मुली म्हणतील की आम्हाला स्वयंपाक मुळीच आवडत नाही, त्यांना माझा पाठिंबा आहे. पोटापुरतं यावं, बाकी त्यांनी खुशाल दुसरं काही करावं. आता मी बसतो. शेलापागोटी वाचणारे मघापासून विंगेत घड्याळ दाखवत आहेत.