खाज थांबली म्हणजे रोग गेला का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आरती झाली आहे, प्रसाद अजून व्हायचा आहे, आणि मधल्या वेळात कार्यकर्त्यांनी मला उभं केलं आहे. भुकेल्या श्रोत्यांसमोर लांबण लावू नये हे मला कळतं. पण विषय असा आहे की जो चारचौघांत कोणी बोलत नाही आणि घरोघरी मात्र असतो.

आपल्या बाप्पाच्या बारा नावांत एक नाव आहे ‘गजकर्णक’. हत्तीसारखे कान असलेला तो गजकर्णक. आणि आपल्याच भाषेत अंगावर उठणाऱ्या गोल, लाल, खाजऱ्या चट्ट्यालाही आपण गजकर्णच म्हणतो. कोणी नायटा म्हणतं. पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या. इथले आपले कन्नड शेजारी गजकर्णाला ‘हुळुकड्डी’ म्हणतात, इंग्रजीत त्याला ‘रिंगवर्म’ म्हणतात. कन्नडमधला ‘हुळु’ काय किंवा इंग्रजीतला ‘वर्म’ काय, दोन्हींचा अर्थ किडा. प्रत्यक्षात यात किडा नाही. ही आहे बुरशी. भाकरीवर, लोणच्यावर येते त्याच मोठ्या कुळातली.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात माझी नोकरी झाली. पण गावाकडे ‘आमचा मुलगा औषधाच्या कंपनीत आहे’ एवढं पुरतं. मिरजेपासून अनेकलपर्यंत सगळे नातेवाईक मला फोनवर गोळ्या विचारायचे, आणि मीही सांगायचो. त्यातून काय झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

वडिलांना मधुमेह होता. ग्लिमेपिराइडची गोळी रोज चालू होती. एका पावसाळ्यात त्यांना जांघेत गजकर्ण झालं. गावातल्या मेडिकलमधून फ्लुकोनॅझोलच्या कॅप्सूल आणल्या, रोज एक. आईने मला फोन करून विचारलं, ‘देऊ का रे?’ मी शिफ्टला निघालो होतो. म्हटलं, ‘दे की, साधी बुरशीची गोळी आहे.’ बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे मी विचारलंच नाही. खरं म्हणजे विचारायची गरजही नव्हती, मला ते माहीत होतं. तिसऱ्या रात्री वडील घामाने चिंब झाले, हातपाय थरथरायला लागले, असंबद्ध बोलू लागले. आईने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. साखर फार खाली गेली होती. वेळेवर पोहोचले म्हणून वाचले.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावलं. ग्लिमेपिराइड शरीरातून बाहेर काढण्याचं काम यकृतातलं जे एन्झाइम करतं, त्यालाच फ्लुकोनॅझोल अडवते. मग मधुमेहाची एकच गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी काम करते. गोळ्या दोन्ही चांगल्या, पण एकत्र आल्या आणि माझ्या वडिलांच्या जिवावर बेतलं. त्या दिवसापासून मी फोनवर औषध सांगणं बंद केलं.

आता असं का होतं, हे थोडक्यात सांगतो. जंतू म्हणजे बॅक्टेरिया आपल्यापेक्षा फार वेगळे असतात. त्यामुळे त्यांना मारणारं आणि आपल्याला सोडणारं औषध शोधणं तुलनेने सोपं गेलं. बुरशी मात्र पेशींच्या रचनेने आपल्या जवळची नातेवाईक आहे. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या आवरणात त्याचंच भावंड एर्गोस्टेरॉल असतं. बुरशीवरची बहुतेक औषधं या एर्गोस्टेरॉलवरच घाव घालतात. टर्बिनाफाइन ते तयार होण्याची सुरुवातीची एक पायरी अडवतं. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही मंडळी पुढची पायरी अडवतात. आणि ज्या एन्झाइमला ती अडवतात, त्याच घराण्यातली एन्झाइम आपल्या यकृतात बसून इतर औषधांचा निचरा करत असतात. म्हणून बुरशीच्या गोळीचं दुसऱ्या गोळ्यांशी भांडण होतं. भावकीतल्या भांडणात शेजाऱ्याच्या काचा फुटतात, तसंच हे.

या शोधात आपलाही वाटा आहे बरं का. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे ‘हॅमायसिन’ हे बुरशीवरचं औषध सापडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नावच मुळी ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’. आणि ते शोधणारे मुख्य शास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार हे कर्नाटकातले. आपण महाराष्ट्रातून इथे आलो, ते इथून तिकडे गेले. देवाणघेवाण जुनीच आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे या औषधांमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोळीने नाही, तर ट्यूबने होतं.

आमच्या शिफ्टला एक तरुण मुलगा होता, सोलापूरकडचा. चंदापुऱ्याला चौघांत एक खोली. पायात आठ तास सेफ्टी शूज, अंगावर घामाने भिजलेला युनिफॉर्म. त्याला कमरेला गजकर्ण झालं. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब. त्याने ट्यूब बंद केली. आठवड्याने चट्टा परत आला. परत ट्यूब, परत आराम, परत चट्टा. असे सात-आठ महिने गेले. शेवटी चट्टे पोटापासून मांड्यांपर्यंत पसरले आणि जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा पट्ट्या उमटल्या. त्या पट्ट्या आता कायमच्या. तोवर खोलीतल्या बाकी तिघांनाही गजकर्ण झालं होतं, कारण ट्यूब एकच आणि टॉवेलही एकच.

ट्यूब मी वाचून पाहिली. तिच्यात बुरशीचं औषध होतं, जंतूंचं औषध होतं आणि जोडीला क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड काय करतं? शरीराचा बुरशीशी जो लढा चालू असतो, तोच दाबून टाकतं. लाली आणि खाज ही त्या लढ्याची खूण. लढा थांबला की खाज थांबते, पण बुरशी तिथेच मजेत वाढत राहते. पहारेकऱ्याला झोपेची गोळी द्यायची आणि ओरडा थांबला म्हणून चोर पळाला असं समजायचं, त्यातलाच हा प्रकार. चट्ट्याचं रूपही बदलतं, मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं.

ही गोष्ट एका खोलीपुरती नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभरात चिवट गजकर्णाची जणू साथच आली आहे. आपल्याकडची बुरशीही बदलली. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या बुरशीचा अभ्यास करून तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं. नावातच भारत आला. हिच्या कित्येक वाणांवर टर्बिनाफाइन चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही हिचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली, म्हणजे आपली मुलं जिथे आहेत तिथेही ती पोहोचली. स्टिरॉइडच्या मलमांचा सर्रास वापर आणि अर्धवट उपचार यांनी या साथीला खतपाणी घातलं, असं आपले त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमं ‘शेड्यूल एच’ मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. पण कायदा कागदावर आणि ट्यूब काउंटरवर, हे आपण पाहतोच.

२०२१ चा उन्हाळा आठवा. कोरोनातून उठलेल्या लोकांना म्युकरमायकोसिस झाला, तेव्हाही वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा मारा हीच जोडी बुरशीच्या कामी आली. ॲम्फोटेरिसिन-बी च्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते. हे औषध जीव वाचवतं, पण मूत्रपिंडावर ताण आणतं. म्हणून ते रुग्णालयातच, रक्ततपासण्या करत देतात. गजकर्ण आणि म्युकर हे रोग वेगळे, पण धडा एकच आहे.

मग करायचं काय? मला कळलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली, ट्यूबवरची नावं वाचा. अक्षरं बारीक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठी करा. त्वचेच्या मलमात ‘झोल’ने संपणारं नाव, जसं क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, हे बहुधा बुरशीचं औषध असतं. टर्बिनाफाइनही बुरशीचंच. पण क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं ‘सोल’ किंवा ‘सोन’ दिसलं की ते स्टिरॉइड. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल, सुरुवात सारखी आणि काम उलटं! आपल्या बोलीत ‘झोल’ म्हणजे फसवणूक, इथे मात्र झोल बरा आणि सोल फसवा.

दुसरी, अशी मिश्र ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर ती फेकून देऊ नका. पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. स्टिरॉइड एकदम बंद केल्यावर कधी कधी त्रास उसळतो. काय लावलं होतं हे डॉक्टरांना कळणं गरजेचं आहे. लाजू नका.

तिसरी, औषध पूर्ण करा. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेवरही लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस. दीड दिवसाचा गणपती चालतो मंडळी, दीड दिवसाचं औषध चालत नाही.

चौथी, पोटात घ्यायची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, हृदयाचे आजार, यकृताचा त्रास, हे सगळं सांगा. आपल्या बोम्मसंद्र्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी गावाकडून पाहुणे येतात, महिनाभर आपल्याकडे राहतात. त्यांना तर घरातली गोळी चुकूनही देऊ नका. इट्राकोनॅझोलमुळे अशक्त हृदयावर ताण येऊ शकतो. गर्भवती असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

पाचवी, गोळी घ्यायची रीत विचारून घ्या. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची असते आणि ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर ती नीट अंगी लागत नाही. ग्रिसिओफुल्विन तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर चांगली शोषली जाते. तिच्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, धडधड असे प्रकार होऊ शकतात. तसंही यकृताचा विचार करता या दिवसांत दारू नकोच.

सहावी, दुष्परिणाम ओळखा. थोडं मळमळणं, डोकं दुखणं हे होऊ शकतं. टर्बिनाफाइनने काहींच्या जिभेची चव जाते, ती परत येते पण वेळ लागतो. तेव्हा आमटी अळणी लागली तर आधी गोळी आठवा, बायकोवर रागावू नका. मात्र डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अन्नावरची वासना उडणं, पाय सुजून दम लागणं, अंगावर फोड किंवा तोंडात जखमा येणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळवण्यासाठी सरकारची विनाशुल्क सेवा आहे, क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच नव्हे, रुग्णही तिथे कळवू शकतो.

आणि शेवटची, टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवा. गरम पाण्याने धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मोजे रोज बदला. घरात किंवा खोलीत ज्यांना ज्यांना झालं असेल त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर ते फिरत राहतं.

तो सोलापूरचा मुलगा बरा झाला, पण डॉक्टरांकडे जाऊन नेटाने तीन महिने औषध घेतल्यावर. पट्ट्या तेवढ्या राहिल्या. माझे वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. पुढे कधी फोन आला की आधी विचारायचे, ‘आता डॉक्टर बोलतोय की मुलगा?’ मी म्हणायचो, ‘मुलगा.’ मग ते तब्येतीचं मोकळेपणाने सांगायचे, आणि मी एवढंच म्हणायचो, ‘दवाखान्यात जाऊन या, गोळ्यांची पिशवी घेऊन जा.’

आपणही गावाकडच्या फोनवर एवढंच सांगूया. कार्यकर्ते पानं वाढायला अधीर झालेत.

गणपती बाप्पा मोरया!