उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रयोगशाळेचं दार

(हिवरे बाजार, जि. अहिल्यानगर येथे महाविद्यालयीन तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)

सकाळपासून तुम्ही हे गाव पाहिलंत. डोंगरउतारावरचे समतल चर पाहिलेत, बंधारे पाहिलेत. गावातल्या एकमेव मुस्लिम कुटुंबासाठी गावानं बांधलेल्या मशिदीबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळानं मोडलं होतं, माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. आज इथं पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी मोजली जाते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, आणि मग पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही हा नियम गावानंच केला. आधी मोजायचं, मग ठरवायचं. संशोधन म्हणजे तरी वेगळं काय असतं?

तुमच्यात बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री घेतलेले बरेच आहेत. कॉलेजात प्रॅक्टिकल कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण ९.८ च्या आसपास यायला हवं, हे आधीच माहीत असतं. नाही आलं तर आकडे ‘बसवले’ जातात, जर्नलवर सही होते. तीन वर्षं अशी गेली, तर ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नाला हात लावण्याची वेळच येत नाही. ती संधी देणारी एक सोय आपल्या देशात आहे, ती म्हणजे उन्हाळी संशोधन कार्यक्रम. आपल्या मुलांपर्यंत तिची बातमी पोचत नाही, म्हणून आज मी बोलतोय.

कुठं जाता येतं? मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथला ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून खास पदवीच्या मुलांसाठी चालतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘व्हीएसआरपी’ आहे. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या संस्था उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना बोलावतात. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे ना, ती एनसीआरएचीच. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात पदार्थविज्ञानाची, म्हणजे मटेरियल्स सायन्सची, मोठी परंपरा आहे. त्यांचीही उन्हाळी फेलोशिप असते. आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून साधारण दोन महिन्यांची फेलोशिप देतात. तिच्यात देशभरातल्या शास्त्रज्ञांकडे जाता येतं, विद्यावेतन मिळतं, आणि तुमचे प्राध्यापकसुद्धा अर्ज करू शकतात.

तिथं जाऊन करायचं काय? एक उदाहरण देतो. या जिल्ह्यातल्या काळ्या जमिनीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगते. असं का होतं? तिच्यातल्या चिकणमातीचे कण एकावर एक रचलेल्या पातळ थरांचे असतात. कोरडी असताना दोन थरांमधलं अंतर साधारण एक नॅनोमीटर असतं. पाणी आत शिरलं की थर दूर सरतात. हे अंतर डोळ्यांना दिसत नाही, पण क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्रात मोजता येतं. ठरावीक कोनांवर शिखरं येतात. थर दूर सरले की शिखर लहान कोनाकडे सरकतं. शिखर रुंद असेल तर स्फटिक बारीक आहेत असा अंदाज बांधता येतो. त्याच यंत्रावर सौरघटात वापरायचा झिंक ऑक्साइडचा थर तपासतात. म्हणजे तुमच्या शेतातलं ढेकूळ आणि प्रयोगशाळेतली ‘नवी सामग्री’ यांना लागणारं भौतिकशास्त्र एकच आहे. पहिले आठ-दहा दिवस काहीच जमत नाही. नमुना बिघडतो, वाचन समजत नाही. मग एक दिवस आलेख नीट येतो, आणि त्यात पुस्तकात नसलेलं काहीतरी असतं. ते तुम्ही आधी पाहिलेलं असतं.

आता अडचणी. पहिली अडचण भाषेची. घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, कॉलेजात एकदम इंग्रजी. निवड करणारा इंग्रजीचा उच्चार तपासत नाही. तुम्हाला काय कळलंय आणि काय विचारावंसं वाटतं, ते तो पाहतो.

दुसरी अडचण पैशाची. बहुतेक ठिकाणी विद्यावेतन असतं, काही ठिकाणी प्रवासखर्च आणि राहायची सोयही असते. पण पैसे अनेकदा नंतर हातात पडतात. म्हणून सुरुवातीच्या भाड्याची आणि महिन्याच्या खर्चाची तजवीज आधी करा. इथं जमातीनं, संस्थांनी पुढं यायला हवं. लग्नातल्या एका जेवणावळीच्या खर्चात कितीतरी मुलं बेंगळुरूला जाऊन येतील.

तिसरी अडचण मी स्पष्ट बोलतो. उन्हाळा हा आपल्याकडे लग्नसराईचा काळ. मुलगी दोन महिने परक्या शहरात राहणार म्हटलं की घरात शांतता पसरते. हुशार मुलीचा अर्ज भरून तयार असतो आणि पाठवायचा राहून जातो. मुलींनो, घरी भांडण्याआधी माहिती गोळा करा. हॉस्टेल कुठं, सोबत कोण, मार्गदर्शक कोण, हे कागदावर लिहून अब्बांच्या हातात द्या. शक्य असेल तर त्यांना सोबत न्या, जागा दाखवा. आणि मुलांनो, बहिणीची बाजू घरात तुम्ही मांडायची आहे.

अब्दुस सलाम यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. १९७९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. मायदेशी शिकवताना संशोधनातला एकटेपणा काय असतो ते त्यांनी भोगलं होतं. म्हणून १९६४ मध्ये त्यांनी इटलीत त्रिएस्ते इथं एक केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांनी काही महिने तिथं यावं, बरोबरीच्या माणसांत काम करावं आणि पुन्हा आपल्या देशात परतावं, अशी ती योजना होती. तुमचा दोन महिन्यांचा उन्हाळा हे त्याचंच छोटं रूप आहे. लहान गावातल्या हुशार मुलाचा खरा शत्रू हा एकटेपणाच असतो.

कामाचं सांगतो. अर्ज उन्हाळ्यात भरायचे नसतात. बऱ्याच जाहिराती आदल्या हिवाळ्यात निघतात, काही त्याही आधी. म्हणून दिवाळीपासून संस्थांची संकेतस्थळं पाहत राहा. कुठल्या वर्षाची मुलं पात्र आहेत हे दरवर्षी नीट वाचा. शिफारसपत्रासाठी सरांना शेवटच्या दिवशी गाठू नका, महिनाभर आधी भेटा. ‘मला विज्ञानाची आवड आहे’ एवढंच लिहू नका, एक नेमका प्रश्न लिहा. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर दुसऱ्या वर्षी पुन्हा भरा.

आणि तोवर हातावर हात ठेवून बसू नका. पर्जन्यमापक स्वस्तात मिळतो. गावातल्या पाच विहिरींची पातळी दर आठवड्याला दोरीनं मोजा, वहीत लिहा, वर्षभर लिहा. आकडे बसवू नका, जसे येतील तसे लिहा. ही वही घेऊन जो मुलाखतीला जाईल, त्याच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी नक्की असेल.

जाहिरात आली की एकानं दहा जणांना कळवायचं, एवढं आज ठरवून उठूया.