मुलांचे क्लास आणि आईची हौस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला मी तास तास बोलते, पण असे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. काही चुकलेमाकले तर पदरात घ्यावे. चिटणीसबाईंनी ‘मुलांचे संगोपन’ हा विषय दिला आहे. पुस्तकी बोलणे मला येत नाही, तेव्हा 2023 च्या नवरात्रात माझ्या घरी जे घडले तेच सांगते.

भाद्रपद ते कार्तिक हे तीन महिने आपणा बायकांचे कसे जातात ते मी सांगायला नको. गणपती, गौरी, पितृपंधरवडा, घट, दसरा, कोजागिरी आणि मग फराळ. त्यातच मुलांची घटक चाचणी, चित्रकलेची एलिमेंटरी, शाळेच्या क्रीडास्पर्धा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सहामाही. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे सारे सण पुढे गेले होते. गणपती 19 सप्टेंबरला बसले आणि घट 15 ऑक्टोबरला. सण आणि अभ्यास एकमेकांच्या अंगावर आले.

माझी थोरली तेव्हा आठवीत होती व धाकटा पाचवीत. थोरलीला गणित-इंग्रजीची शिकवणी, चित्रकला आणि भरतनाट्यम्. धाकट्याला शिष्यवृत्तीचा क्लास, अबॅकस आणि कराटे. शाळा पाचला सुटे. मी स्कूटी घेऊन फाटकाशी उभी. पोळीची गुंडाळी मुलांनी स्कूटीवर बसूनच खायची, एकाला इकडे सोडायचे, दुसरीला तिकडे. सासूबाई म्हणत, “अगं, पोरांना जरा अंगणात तरी सोड.” मी म्हणे, “तुमचे दिवस गेले आता.”

हे मी का करत होते? लोक म्हणतील, समोरच्यांची मुले जातात म्हणून. तेही खोटे नाही. पण खरे कारण निराळे होते. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. 1993 साली मी सातवी पास झाले. हायस्कूल पाच किलोमीटरवर, एस.टी. दिवसातून दोनदा, आणि घरात धाकटी भावंडे सांभाळायची. वडील म्हणाले, “पोरीच्या जातीला एवढं पुरे.” मी दप्तर फडताळात ठेवले ते ठेवलेच. तेव्हा मनाशी गाठ मारली होती की माझ्या मुलांना कशाकशाला नाही म्हणणार नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट. नवरात्रातली पाचवी माळ होती. संध्याकाळी आपल्या मंडळाचा भोंडला होता. मी खिरापतीची वाटली डाळ शेजारणीबरोबर पाठवून दिली. डाळ पोचली, मी पोचले नाही आणि माझी मुलगीही पोचली नाही, कारण तिच्या नाचाची तालीम होती. धाकटा अबॅकसला. त्याचा क्लास साडेसातला सुटायचा. मला वाटले हे त्याला आणतील, ह्यांना वाटले मी आणीन. साडेआठला आम्ही घरी आलो आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मुलगा कोणाबरोबरच नव्हता.

त्या रस्त्याने मी कशी गेले ते आजही आठवत नाही. क्लासला कुलूप होते. पायरीवर माझा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता, आणि शेजारी एक भाजीवाली मावशी आपली पाटी आवरून बसून राहिली होती. “लेकराला एकटं टाकून कशी जाऊ?” एवढेच ती म्हणाली. तिच्या घरी कोण वाट पाहत असेल, देव जाणे.

मी मुलाला पोटाशी धरून रडू लागले. मला वाटले तोही रडेल. पण तो म्हणाला, “आई, मला मजा आली. मी तासभर नुसता बसलो होतो. कोणी काही करायला सांगितलंच नाही.”

भगिनींनो, तो रडला असता तर मला एवढे लागले नसते.

त्या रात्री वाण्याच्या यादीमागे मी हिशेब मांडला. शिष्यवृत्ती आठवड्याला 6 तास, अबॅकस 4, कराटे 2. शाळा सोडून हे 12 तास झाले, आणि त्यात जाणेयेणे धरले नाही. खेळाचे तास लिहायला गेले तर रविवारी दुपारचे 2. मोलकरणीलाही आपण याहून जास्त मोकळीक देतो! एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात तसे मी करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी दोघांना विचारले, “तुम्हाला काय ठेवायचे आहे?” हा प्रश्न मी त्यांना पूर्वी कधी विचारलाच नव्हता. थोरलीने चित्रकला ठेवली आणि गणित कच्चे म्हणून शिकवणीही आपणहून ठेवली. धाकट्याने कराटे ठेवले. शिष्यवृत्तीसाठी शाळेतले जादा तास पुरेत असे ठरले. त्या दिवाळीत त्याने आळीतल्या मुलांबरोबर चार दिवस खपून किल्ला केला, त्यावर अळीव पेरले, आणि अंघोळीची सुद्धा आठवण राहिली नाही.

यामुळे गुण वाढले असे सांगितले तर खोटे होईल. धाकट्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. थोरलीचे गुण होते तेवढेच राहिले. पण जेवताना मुले बोलू लागली, आणि मला ऐकायला सवड झाली.

क्लास वाईट असे माझे म्हणणे नाही. ज्याला विषय जड जातो त्याला शिकवणी लावावीच, ज्याला आवड आहे त्याला कलाही शिकवावी. पण भूक मुलाची आहे की आपली, हे ताट वाढण्याआधी पाहावे. आता आमच्या आळीत चार घरांनी मुलांना आणायची पाळी लावली आहे. वार आणि नाव भिंतीवर लिहिलेले असते, म्हणजे कोणाचे मूल पायरीवर राहत नाही. ही सोय इतर आळींनीही करावी, आणि भोंडल्याच्या दिवशी तरी मुलींना क्लासला पाठवू नये, अशी माझी मंडळाला विनंती आहे.

राहिली माझी हौस. ती मुलांच्या गळ्यात का घालावी? बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज असतो. तो मी यंदा भरला आहे. रात्री भांडी झाली की थोरली मला बीजगणित शिकवते. परवा एकच गणित मी तीनदा चुकले, तेव्हा ती म्हणाली, “आई, घाई नको करूस.” हेच मला तिला इतकी वर्षे सांगायला हवे होते.