भाड्याच्या खोल्यांवर मोठं कर्ज कधी काढावं?

दीड वर्षापूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विषय काढला. औद्योगिक वसाहतीजवळ त्यांचं जुनं घर. दीड लाखाचं कर्ज काढून तीन खोल्यांची दुरुस्ती सुरू केलेली, कामगारांना भाड्याने द्यायला. आता त्याच घरावर चार लाख काढायचे, जुनं कर्ज फेडायचं आणि उरलेल्यात शिलाईची मशीन घ्यायची, असा त्यांचा बेत. एजंट रोज फोन करायचा, "आत्ताच घ्या." पण दोन खोल्यांना अजून फरशी नव्हती, भाडेकरू एकच होता.

आम्ही म्हटलं, ताई, जरा थांबा. घराची किंमत ठरवायला माणूस येतो तेव्हा जे उभं दिसतं त्याचीच किंमत होते. अर्धवट कामावर कर्ज कमी मिळतं, व्याज जास्त पडतं. आधी काम पुरं करा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नव्या बांधकामाची नोंद लावा. त्यावर आपलं नाव आहे का, तेही बघा. नाव नवऱ्याचं आणि कर्जावर सही आपली, तर कर्ज आपलं होतं, घर होत नाही.

मग लेखी भाडेकरार करा आणि भाडं वर्षभर बँक खात्यात जमा होऊ द्या. हातात घेतलेलं भाडं बँकेला दिसत नाही.

मग आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. तीन खोल्या, प्रत्येकी अडीच हजार, म्हणजे महिना ७,५०० रुपये. चार लाख, ११ टक्के, दहा वर्षं, तर हप्ता सुमारे ५,५१०. सगळ्या खोल्या भरल्या तर ठीक. पण एक रिकामी झाली की भाडं ५,०००. वरचे पाचशे कुठून आणायचे? तीन लाखांचा हप्ता सुमारे ४,१३०. तो दोन खोल्यांतून निघतो. म्हणून आमच्या गटाचा नियम ठरला: एक खोली रिकामी धरून हप्ता निघत असेल, तेवढंच कर्ज.

सही करण्याआधी प्रक्रिया शुल्क, विमा, एकूण खर्च लिहिलेला तक्ता मागा. जुनं कर्ज मुदतीआधी फेडताना दंड लागतो का, ते लेखी विचारा. फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

ताई वर्षभर थांबल्या. तीनच लाख घेतले. जुनं कर्ज फेडून उरलेल्या पैशातून दोनाऐवजी एकच मशीन आली. पावसाळ्यात एक खोली दोन महिने रिकामी राहिली, पण हप्ता चुकला नाही.

मैत्रिणींनो, कर्ज म्हणजे कमाई नव्हे. येत्या बैठकीत आपल्या घराचा हिशोब असाच फळ्यावर मांडून बघा.